ध्वज लायबेरियाचा, खलाशी कोकणातला

२३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' नावाचे चारशे मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतून बसले आणि सहा दिवस युरोप-आशिया व्यापाराचा मार्ग बंद पडला. या जहाजाची मालकी जपानी कंपनीकडे होती. ते चालविणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन कंपनीचे आणि शेपटाकडे फडकणारा ध्वज पनामाचा होता. जहाजावरील पंचवीसच्या पंचवीस कर्मचारी मात्र भारतीय होते. जहाज मोकळे झाल्यानंतरही नुकसानभरपाईच्या वादात ते जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकून पडले आणि त्यासोबत त्यावरील बहुतेक माणसेही. तीन वर्षांनी, २६ मार्च २०२४ रोजी, सिंगापूरचा ध्वज लावलेले 'डाली' हे जहाज अमेरिकेत बाल्टिमोरच्या पुलावर आदळले. त्याच्या एकवीस कर्मचाऱ्यांपैकी वीस भारतीय होते.

या दोन्ही घटनांत भारताचा ना ध्वज होता, ना भांडवल, ना विमा. होती ती केवळ माणसे. जागतिक व्यापारी नौकानयनातील भारताच्या स्थानाचे याहून नेमके चित्र दुसरे नसेल.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा विषय सहसा चर्चेत येत नाही. संसद मार्गावरील परिवहन भवनापासून जवळात जवळचा समुद्रही नऊशे-हजार किलोमीटरवर आहे. पण तुघलकाबाद आणि दादरी येथील कंटेनर आगारांतून रोज निघणाऱ्या मालगाड्या पाहिल्या, की समुद्र दिल्लीच्या उंबरठ्यापर्यंत आलेला दिसतो. नोएडाचे तयार कपडे, पानिपतचे हातमागाचे कापड, मुरादाबादची पितळी भांडी या गाड्यांनी मुंद्रा, पिपावाव वा न्हावा शेवा गाठतात. तेथून पुढचा प्रवास बहुतांशी परदेशी जहाजांतून होतो. २०२१ मध्ये कंटेनरची टंचाई झाली आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा वाढलेले नौभाडे या निर्यातदारांनी मुकाट्याने मोजले. भाडे ठरविणाऱ्यांत भारतीय कंपनी जवळजवळ नव्हतीच.

भारताचा परदेश व्यापार वजनाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने ७० टक्क्यांच्या आसपास समुद्रमार्गे चालतो. जगाच्या एकूण जहाज-टनेजमधील भारताचा वाटा मात्र एक टक्क्याच्या आगेमागे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे पंतप्रधानांनीच जाहीर केल्याप्रमाणे, परदेशी जहाज कंपन्यांना भारत दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास सहा लाख कोटी रुपये मोजतो. देशाच्या संरक्षण अंदाजपत्रकाशी तुलना व्हावी एवढी ही रक्कम आहे. एवढ्या मोठ्या देशावर ही पाळी का यावी, याचे उत्तर शोधताना काही अतिशय लहान देशांकडे पाहणे उद्बोधक ठरते.

लहान देश, मोठे ताफे

जहाजांच्या नोंदणीत लायबेरिया, पनामा आणि मार्शल आयलंड्स ही जगातील तीन आघाडीची नावे आहेत. जगाच्या एकूण टनेजपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक टनेज या तिघांच्या ध्वजाखाली फिरते. त्यांपैकी मार्शल आयलंड्सची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार अवघी ४२ हजार, म्हणजे दिल्लीतल्या एखाद्या मध्यम वसाहतीएवढी आहे. या देशाकडे जहाज बांधणारी गोदी नाही आणि निर्यात करावा असा फारसा मालही नाही. त्याने विकायला काढला तो आपला ध्वज. नोंदणी शुल्क आणि वार्षिक टनेज कर या रूपाने त्याला उत्पन्न मिळते. जहाजमालकाला त्याच्या मोबदल्यात नाममात्र कर, कर्मचारी कोणत्याही देशाचे ठेवण्याची मुभा आणि मालकीविषयी गोपनीयता मिळते. विशेष म्हणजे या नोंदणीचे कामकाज त्या बेटांवरून चालत नाही. ते वॉशिंग्टनच्या उपनगरातून, व्हर्जिनिया राज्यातील रेस्टन येथून, एक खासगी कंपनी चालविते. एखाद्या द्वीपराष्ट्राचे नौकानयन खाते गुरुग्राममधील काचेच्या इमारतीतून चालावे, तसाच हा प्रकार होय.

लायबेरियाची कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तेथील नोंदणी सुरू झाली. तीही प्रत्यक्षात अमेरिकेतूनच चालते. १९८९ ते २००३ या काळात लायबेरिया यादवी युद्धांत होरपळला, सरकार नावापुरते उरले. पण नोंदणीचा पैसा येत राहिला. या उत्पन्नाचा काही भाग शस्त्रखरेदीकडे वळविला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये नोंदविले. ध्वज विकून तिजोरी भरता येते. परंतु त्यातून बंदरे, कारखाने वा प्रशिक्षित मनुष्यबळ उभे राहतेच असे नाही, हा या अनुभवाचा अर्थ.

दुसरा मार्ग ग्रीस आणि नॉर्वे यांचा. सुमारे एक कोटी लोकसंख्येचा ग्रीस टनेजच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठ्या जहाजमालक देशांत अग्रभागी आहे. ग्रीक मालकांची बहुसंख्य जहाजे परकीय ध्वजाखाली चालतात. पण निर्णय, दलाली, व्यवस्थापन आणि नफ्याचा मोठा भाग पिरेयस बंदरातील कचेऱ्यांत राहतो. नॉर्वेतील जहाजे स्वस्त ध्वजांकडे पळू लागली, तेव्हा १९८७ मध्ये त्या देशाने स्वतःचीच एक दुसरी, सवलतीची आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडली आणि गळती बऱ्याच अंशी थोपविली. तिसरा मार्ग फिलिपिन्सचा. तेथील लाखो खलाशी परदेशी जहाजांवर राबतात आणि त्यांनी घरी पाठविलेल्या पैशावर देशाचे परकीय चलनाचे गणित बरेचसे तोलले जाते.

थोडक्यात, समुद्रातून पैसा मिळविण्याच्या तीन वाटा आहेत. ध्वज भाड्याने द्यावा, जहाज बाळगावे किंवा माणूस पाठवावा. भारताने दुसरी वाट धरण्याचे ठरविले होते. प्रत्यक्षात तो तिसऱ्या वाटेवर येऊन थांबला आहे.

एका वस्तूवर उभे राहिलेले बंदर

नौकानयनावर अवलंबून असलेल्या लहान अर्थव्यवस्थेचा अनुभव मराठी मुलुखाच्या शेजारीच आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निर्यात करावे असे फारसे काही नव्हते. युद्धोत्तर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते आणि चौगुले, साळगावकर, धेंपे आदी घराण्यांनी ते पुरविले. १९५० च्या दशकाच्या मध्यास भारताने सीमा बंद केल्या, आर्थिक कोंडी केली. तरी मांडवी-जुवारीतून मुरगावकडे जाणाऱ्या खनिजाच्या बार्जेस आणि तेथून जपानकडे निघणारी जहाजे यांच्या बळावर ती चिमुकली वसाहत तग धरून राहिली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा खनिज निर्यात वर्षाला साठ लाख टनांच्या घरात पोहोचली होती.

त्याची दुसरी बाजू अर्धशतकाने दिसली. २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, तेव्हा बार्जमालक, त्यावरील तांडेल-खलाशी, ट्रकचालक आणि बंदरावरील कामगार असे सारेच एकाच वेळी रिकामे झाले. जहाज एकाच मालावर आणि एकाच ग्राहकावर अवलंबून असले, की माल थांबताच किनाराही थांबतो.

ग्वाल्हेरचे नाव, सोलापूरचा माणूस

व्यापारी जहाजांना राज्यकारभारात कोणते स्थान असावे, याचा विचार मराठी राज्यकर्त्यांना नवा नव्हता. शिवाजी महाराजांनी लढाऊ आरमाराबरोबर व्यापारी गलबतेही राखली होती. बारदेशातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू लागला, तेव्हा १६७१ मध्ये त्यांनी त्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम कुडाळच्या सुभ्यास धाडला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील आरमारावरील प्रकरण तर आजच्या वित्त खात्यानेही वाचावे असे आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, तो मुलखाच्या वसुलातून द्यावा. अन्यथा सावकारास उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील, असा त्याचा आशय. बंदर हे महसूल पिळण्याचे ठिकाण नसून व्यापार वाढविण्याचे साधन आहे, हे सूत्र त्यात तीनशे वर्षांपूर्वी मांडलेले आहे.

आधुनिक भारतीय नौकानयनाचा आरंभही एका मराठी राजघराण्याच्या नावाने झाला, आणि तेही समुद्र नसलेल्या संस्थानाच्या. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतले आणि भारतीय जखमी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज म्हणून 'लॉयल्टी' या नावाने चालविले. युद्ध संपल्यावर ते सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांनी घेतले. कंपनीचे नाव ठेवले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो आणि दरवर्षी दिल्लीत मंत्र्यांच्या छातीवर छोटा ध्वज लावण्याचा कार्यक्रम होतो.

पुढचा इतिहास कार्यक्रमात सांगितला जात नाही. जहाज मिळाले, पण माल मिळेना. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडले, सिंदियाला विकत घेण्याचाही प्रयत्न केला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार स्वीकारून सिंदियाला आपले टनेज ७५ हजारांच्या मर्यादेत आणि वाहतूक किनाऱ्यापुरती ठेवावी लागली. तूतिकोरीनचे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये काढलेली स्वदेशी कंपनी याच प्रकारे दर पाडून आधीच संपविण्यात आली होती. भांडवल वा कौशल्य यांपेक्षा सत्तेचे पाठबळ कुणाच्या मागे आहे, यावर समुद्रातील स्पर्धा ठरते, हा धडा वालचंदांनी घेतला आणि लढाई दिल्लीत आणली.

१९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवणारे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. आज 'संविधान सदन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळाकार इमारतीचे उद्घाटन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. विधेयकाला मोठा पाठिंबा मिळाला, परंतु त्याचा कायदा होऊ शकला नाही. उलट १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील ११५ व्या कलमाने ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यास कायदेमंडळांना मनाई केली. एखाद्या देशाच्या घटनात्मक कायद्यात परक्या जहाजांचे संरक्षण लिहिले जावे, यातच त्या व्यवसायाचे मोल कळते.

निविदेतील तीन अक्षरे

स्वातंत्र्याच्या वर्षीच सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उद्दिष्टे आखली होती. त्यानुसार किनारी वाहतूक शंभर टक्के, ब्रह्मदेश-सिलोनसारख्या शेजारी देशांशी व्यापार ७५ टक्के आणि दूरच्या देशांशी निम्मा व्यापार भारतीय जहाजांतून व्हायचा होता. वालचंदांनी विशाखापट्टणमला काढलेल्या गोदीतून १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. २ ऑक्टोबर १९६१ रोजी ईस्टर्न व वेस्टर्न या दोन सरकारी कंपन्या एकत्र करून भारतीय नौवहन निगम स्थापन झाले. १९७४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या संहितेने नियमित मालवाहतुकीत निर्यातदार देशाला ४०, आयातदार देशाला ४० आणि तिसऱ्या देशांना २० टक्के वाटा असे सूत्र मांडले, त्यामागेही भारतासारख्या विकसनशील देशांचा आग्रह होता. एके काळी परदेश व्यापारातील भारतीय जहाजांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. आज तो दहा टक्क्यांच्याही खाली आहे.

या घसरणीमागे परिवहन भवनातील एका व्यवस्थेचा क्षय आहे. सरकारी खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आयात 'एफओबी' तत्त्वावर करावी, असे पूर्वापार धोरण होते. विक्रेत्याने माल त्याच्या बंदरात जहाजावर चढवून द्यावा आणि जहाज कोणते, हे भारतीय खरेदीदाराने ठरवावे, असा त्याचा अर्थ. ही जहाजे ठरविण्याचे काम मंत्रालयाची 'ट्रान्सचार्ट' शाखा करीत असे आणि त्यात भारतीय जहाजांना प्राधान्य मिळे. उदारीकरणानंतर उपक्रमांना सूट मिळत गेली आणि 'सीआयएफ' खरेदी वाढली. तिच्यात माल, विमा आणि भाडे मिळून एकच किंमत असते आणि जहाज विक्रेता ठरवितो. खरेदी अधिकाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचे असते, कारण जबाबदारी कमी होते आणि लेखापरीक्षणात प्रश्न कमी येतात. मात्र या सोयीची किंमत म्हणून कोळसा, खत आणि तेल यांच्या वाहतुकीचा निर्णय देशाबाहेर गेला. निविदेतील तीन अक्षरे बदलली की हजारो टन माल दुसऱ्या ध्वजाखाली जातो, याची जाणीव दिल्लीतील किती खात्यांना आहे, हा प्रश्न आहे.

त्याला करांची जोड मिळाली. परदेशी ध्वजाच्या स्पर्धकावर नसलेला बोजा भारतीय ध्वजाच्या जहाजावर पडे. कर्ज महाग आणि अल्प मुदतीचे होते. नफ्याऐवजी टनेजवर कर आकारण्याची पद्धत भारताने २००४ मध्ये आणली, तोवर अनेक देश त्यात पुढे निघून गेले होते. सिंदिया कंपनी तोवर कर्जात बुडून नामशेष झाली होती. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील 'सिंदिया हाऊस' या इमारतीत आयकर खात्याची कार्यालये आली. योगायोग असला तरी तो बोलका आहे. सरकारी नौवहन निगमाला २००८ मध्ये 'नवरत्न' दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये तेच निगम विकण्यास मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. त्यासाठी जमिनी व इमारती वेगळ्या कंपनीत काढण्यात आल्या. विकण्याच्या यादीतील कंपनी दीर्घ मुदतीची जहाजखरेदी कशी करणार, याचे उत्तर त्या वर्षांत कुणी दिले नाही.

दुरुस्तीचे प्रयत्न

अलीकडच्या काळात धोरण पुन्हा वळण घेत आहे, हे मान्य करावे लागेल. जुलै २०२१ मध्ये सरकारी निविदांत भाग घेणाऱ्या भारतीय जहाज कंपन्यांसाठी पाच वर्षांत १,६२४ कोटी रुपयांचे अर्थसाहाय्य मंजूर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा देण्यात आला, जेणेकरून कर्ज स्वस्त व दीर्घ मुदतीचे मिळावे. त्याच महिन्यात जहाजबांधणी व नौकानयनासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने नवा व्यापारी नौवहन कायदा, किनारी नौवहन कायदा आणि बंदर कायदा संमत केला.

यातील व्यापारी नौवहन कायदा अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. १९५८ च्या कायद्यानुसार भारतीय ध्वजासाठी जहाजाची संपूर्ण मालकी भारतीय असणे आवश्यक होते. नव्या कायद्याने ही अट सैल केली. अंशतः परदेशी मालकीच्या, तसेच पुढे मालकी मिळण्याच्या बोलीवर भाड्याने घेतलेल्या जहाजांनाही भारतीय ध्वज मिळू शकेल. भांडवल नसलेल्या भारतीय उद्योजकाला यातून जहाज हाती घेता येईल, हा त्याचा फायदा आहे. नॉर्वेने १९८७ मध्ये केलेल्या हिशेबाशी हा हिशेब मिळताजुळता आहे.

परंतु ध्वज सैल करताना जबाबदारी सैल होणार नाही, हे पाहावे लागेल. त्याचे कारण मुंबईच्या किनाऱ्याने अनुभवले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी पनामाचा ध्वज लावलेले 'एमएससी चित्रा' मुंबई बंदराबाहेर दुसऱ्या जहाजावर आदळून कलंडले, तेल पसरले आणि कंटेनर समुद्रात पडून बंदराचा मार्ग अडला. ३१ जुलै २०११ रोजी चालकांनी सोडून दिलेले 'पवित' हे पनामाच्याच ध्वजाचे तेलवाहू जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या चौपाटीवर आले. २५ मे २०२५ रोजी लायबेरियाचा ध्वज लावलेले 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ बुडाले आणि भरपाईसाठी केरळ सरकारला उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. प्रत्येक वेळी मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्यात, विमा तिसऱ्यात आणि तेल मात्र येथील कोळ्यांच्या जाळ्यात! स्वस्त ध्वजाचा खरा खर्च किनारा भरतो.

'बोटीवर' असलेला माणूस

जहाज कुणाचेही असो, त्यावरील माणूस कोण, हा प्रश्न कोकणाला परका नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधील गावांत 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरीन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि भारतीय तरुणांना अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली. तोवर इंजिनखाली कोळसा लोटणे आणि डेक धुणे, हेच त्यांचे काम मानले जाई. आज भारतीय नाविकांची संख्या तीन लाखांच्या आसपास आहे आणि जगाच्या नाविकांत भारताचा वाटा दहा-बारा टक्के आहे. त्यांपैकी बहुसंख्य परदेशी ध्वजाखाली काम करतात.

या आकड्याचा अभिमान सरकारी जाहिरातींत दिसतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात तीनशेहून अधिक जहाजांवरील तीन हजारांहून अधिक नाविकांना मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यात सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. असा नाविक कुठल्या तरी परक्या बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर महिनोन्‌महिने पगाराविना असतो. अन्न, पाणी, डिझेल संपत येते. कायद्याने त्याची पहिली जबाबदारी ध्वज असलेल्या देशाची. तो ध्वज भाड्याचा असला, तर दाद मागायची कुठे? गावाकडची माणसे आमदाराकडे जातात, आमदार खासदाराकडे पत्र देतो, खासदार परराष्ट्र मंत्रालयाला लिहितो, मंत्रालय मुंबईतील नौवहन महासंचालनालयाला विचारते आणि महासंचालनालय दूतावासाकडे बोट दाखविते. दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना अशी पत्रे नवीन नाहीत.

भारतीय ध्वजाखाली अधिक जहाजे असणे म्हणजे या माणसासाठी भारतीय कायदा, भारतीय न्यायालय आणि भारतीय यंत्रणा असणे. जहाजाच्या मालकीचा मुद्दा केवळ परकीय चलन वाचविण्याचा नाही, तो येथे माणसाच्या सुरक्षिततेशी येऊन भिडतो. म्हणूनच परवाना नसलेल्या भरती दलालांवर कारवाई, वेतनाची आर्थिक हमी आणि बेवारस जहाजांविषयी कालमर्यादेत कार्यवाही या तीन बाबी नव्या कायद्याखालील नियमांत किती स्पष्ट उतरतात, यावर त्या कायद्याचे मोल ठरेल.

बंदर वाढवण, जहाज कुणाचे?

महाराष्ट्राच्या दृष्टीने या साऱ्या चर्चेचे केंद्र पालघर जिल्ह्यात आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदरास मान्यता दिली. त्याचा खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. पूर्ण क्षमतेने येथे वर्षाला दोन कोटींहून अधिक वीस फुटी कंटेनर हाताळले जातील, असा प्रस्ताव आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित असून तेथील मच्छीमारांनी या प्रकल्पाला वर्षानुवर्षे विरोध केला आहे.

एवढी किंमत मोजून उभारलेल्या बंदरात येणारी जहाजे कुणाची असतील, हा प्रश्न मंजुरीच्या टिपणीत क्वचितच विचारला जातो. बंदर मोठे झाले म्हणजे नौकानयन मोठे झाले, असा दिल्लीत एक समज आहे. बंदर हे रेल्वे स्थानकासारखे असते. स्थानक बांधले म्हणून गाडी आपली होत नाही. मच्छीमाराचा समुद्र घ्यायचा, करदात्याचा पैसा घालायचा आणि नौभाडे मात्र पूर्वीसारखेच परदेशी पाठवायचे, असे घडले तर त्या विरोधाला उत्तर देणे अवघड जाईल. डहाणूच्या तरुणाला त्या बंदरात क्रेनखालची हंगामी मजुरी मिळणार की जहाजावरच्या अधिकाऱ्याची जागा, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

दिल्लीतील मराठी नेतृत्वाचा या बाबतीतील इतिहास संमिश्र आहे. कोकणाला रेल्वे मिळावी म्हणून नाथ पै, मधू दंडवते यांच्यासारख्या खासदारांनी दशकानुदशके पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. त्याच काळात पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-गोवा जोडणारी कोकणची आगबोट बंद पडली, तिच्यासाठी दिल्लीत तसा आवाज उठला नाही. नितीन गडकरी यांच्याकडे २०१४ ते २०१९ या काळात नौवहन खाते होते. तेव्हा 'सागरमाला'चा बोलबाला झाला, बंदरांची क्षमता वाढली. त्याच कारकिर्दीत, मे २०१८ मध्ये, परदेशी जहाजांना किनारी कंटेनर वाहतुकीची मुभाही देण्यात आली. निर्यातदारांना त्याचा लाभ झाला, पण हाजींच्या विधेयकाने ज्यासाठी झगडा मांडला होता ते राखीव क्षेत्र आक्रसले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत. त्यांवर महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत सविस्तर चर्चा घडवून आणली असती, तर ते अधिक योग्य झाले असते.

मार्शल आयलंड्सला ध्वज भाड्याने देण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. भारताकडे तो आहे, कारण भारताकडे माल आहे. आयात होणारे तेल, कोळसा, खते यांची खरेदी मोठ्या प्रमाणावर सरकारी उपक्रम करतात आणि त्यांच्या निविदा दिल्लीतील कचेऱ्यांत तयार होतात. या मालाचा ठरावीक हिस्सा दहा-पंधरा वर्षांच्या करारांनी भारतीय जहाजांना बांधून दिला, तर त्या कराराच्या तारणावर बँका जहाजासाठी कर्ज देऊ शकतात. त्यासाठी वेगळे अनुदानही कमी लागेल. 'लॉयल्टी' १९१९ मध्ये निघाली तेव्हा तिच्याजवळ जहाज होते, माल नव्हता. आज माल आहे आणि जहाज नाही. ही तफावत भरून काढण्याचे काम पुढच्या पाच एप्रिलच्या ध्वज समारंभापेक्षा पुढच्या आयात निविदेत अधिक आहे, आणि त्या निविदेवर सही करणारा अधिकारी दिल्लीतच बसतो.